तिळाएवढा डाग

१२ मार्च

चिरंजीव लिहिलं आणि खोडलं. मग तुझं लाडाचं नाव लिहिलं, तेही खोडलं. नऊ वर्षांनी पत्र लिहिताना मायना जमत नाही, तेव्हा तो राहू दे.

पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागे लागलो होतो. तिच्याकडूनच कळलं की एप्रिलच्या बारा-तेरा तारखेला तुमची कोळ्यांवर संशोधन करणाऱ्यांची परिषद या शहरात भरते आहे आणि तू त्यासाठी येणार आहेस. मला कळवायचं तुझ्या मनात नव्हतं, हेही तिने सांगितलं. ती काही पोटात ठेवत नाही, तुला माहीतच आहे.

मुद्द्याचं सांगतो. इमारतीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि आपलं स्वयंपाकघर यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी आठवते ना, जिथे कोणी फिरकत नाही, तिथे मला तुझा कोळी सापडला आहे. तोच तो लांडगा कोळी, जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणारा. मादी आहे. मागे अंड्यांची पांढरी पुरचुंडी बांधून हिंडते आहे. नळाच्या गळक्या तोंडाखाली वाळलेल्या पानांचा ढीग साठला आहे, त्यात तिचा मुक्काम असतो. सकाळी सात ते साडेआठ दर्शन देते, मग ऊन तापलं की गडप.

मी तिथे काय करत होतो, असं तुला वाटेल. निवृत्त होऊन वर्ष झालं. चष्मा बदलायला गेलो होतो, तेव्हा चष्मेवाल्याने फोनला चिमट्याने लावायचं एक भिंग दाखवलं. घरी येऊन साखरेच्या डब्यावरच्या मुंगीचा फोटो काढला. एकतीस वर्षं कीटकनाशक फवारणीच्या नोकरीत मी जिच्यावर पंप चालवला, तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून रोज सकाळी मागे जाऊन बसतो.

आपल्यात जे झालं त्याबद्दल आता नवीन काय लिहू? मी स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवारलं, वाफ दाराखालून तुझ्या खोलीत गेली, आणि तुझ्या डब्यांतले कोळी मेले. तेव्हाही हेच सांगितलं होतं. मी नंतर जे बोललो ते मात्र बोलायला नको होतं. दोन वर्षं वाढवलेले कोळी जमिनीवर मांडून तू बसली होतीस आणि मी दारातूनच म्हणालो, किडेच ना, पुन्हा पकडू. तू मान वर न करता म्हणालीस, "कोळी म्हणजे किडा नव्हे, बाबा." त्यानंतर नऊ दिवसांनी तू घर सोडून गेलीस.

घरी ये, असं म्हणत नाही. कोळी बघायला ये.

बाबा

२१ मार्च

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती. दोनदा टपालपेटी उघडून पाहिली.)

सोबत पाच फोटो पाठवतो आहे. तिसरा त्यातल्या त्यात बरा आला आहे, पाठ स्वच्छ दिसते. बाकीच्यांत मी हललो किंवा ती हलली. या वयात गुडघ्यांवर बसून श्वास रोखणं म्हणजे सर्कसच. उठताना भिंत धरावी लागते आणि तोंडातून जो आवाज निघतो त्याने चतुर आणि त्यांच्या त्या सुईसारख्या बारीक बहिणी, टाचण्या, दोन्ही उडून जातात.

फोटो टाकला की जाणकार लोक त्या जीवाचं नाव सांगतात, अशी एक वेबसाइट आहे. तुला ठाऊक असेलच. तिथे मी 'झुरळकाका' या नावाने आहे. इमारतीतली पोरं मला तेच म्हणतात, मग म्हटलं तेच असू दे. पहिल्याच दिवशी मोठ्या डौलात एका भुंग्याचा फोटो टाकला. 'भिंगवाले मास्तर' नावाचे एक गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक, त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत कळवलं की तो भुंगा नसून चहाचा चोथा असावा. माझी हजामत झाली ती सगळ्यांसमक्ष. पण आता सुधारलो आहे. गोम आणि वाणी किडा यांत गल्लत करत नाही. गांधीलमाशी कोणती आणि मातीचं घर लिंपणारी कुंभारीण कोणती, ते लांबून सांगतो. काल तुडतुड्याचा असा फोटो आला की मास्तरांनी 'वा' लिहिलं. दिवसभर तो 'वा' डोक्यात होता.

आमच्या कामाच्या फॉर्मवर चार चौकोन असायचे. झुरळ, ढेकूण, वाळवी, मुंगी. पाचवा 'इतर'. एकतीस वर्षांत मी त्या पाचव्या चौकोनात काय काय लोटलं असेल, याचा हिशेब आता रोज सकाळी लागतो.

एक संकट आलं होतं. इमारतीच्या समितीने उन्हाळ्याची फवारणी ठरवली, पाच एप्रिलला, मागच्या पट्टीसकट. मी बैठकीत उभा राहून मागची बाजू सोडा म्हणालो तर सगळे हसायला लागले. सचिवांनी विचारलं, काका, तुम्हीच सांगताय हे? मी म्हटलं हो, मीच. शेवटी असं ठरलं की मागून एक जरी झुरळ कोणाच्या घरात शिरलं तर त्याला मी जबाबदार, आणि तसं मी लेखी द्यायचं. दिलं. तेव्हा तुझी मादी सुरक्षित आहे.

स्वयंपाक एकदाच करतो, दोन वेळचा. ताटाशी फोन टेकवून सकाळचे फोटो बघत जेवतो. बोलायला कोणी नसलं की माणूस काय काय करायला लागतो. परवा मागे बसल्या बसल्या मी तिला म्हणालो, चला बाई, ऊन झालं, आत जा. मग आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

बाबा

२९ मार्च

आज लिहायला हात शिवशिवतो आहे.

पुरचुंडी फुटली. पिल्लं तिच्या पाठीवर चढली आहेत, इतकी दाटीवाटीने की पाठ दिसतच नाही. ती तशीच सगळं बिऱ्हाड घेऊन पळते. मला त्या नळाखालून हलवत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काका, चक्कर आलीय का?

दुसरी गोष्ट. मास्तरांनी कळवलं होतं की नुसत्या पाठीवरून त्यांना खात्री देता येणार नाही, पोटाकडून फोटो हवा. आता जिवंत कोळ्याला उताणं कसं करायचं? दोन दिवस विचार केला. मग तुझ्या आईची लोणी ठेवायची काचेची वाटी काढली, मादीवर अलगद उपडी घातली, खालून पोस्टकार्ड सरकवलं, सगळं उलटं केलं आणि वाटी उंच धरून खालून फोटो काढला. एक फोटो साधला. लगेच सोडलं तिला. एकही पिल्लू पडलं नाही, मी मोजून आल्यासारखं सांगतो, पण खरंच पडलं नाही.

आणि आहे! पोटाखाली मधोमध तो तिळाएवढा पांढरा डाग आहे, तुझ्या माद्यांना होता तसाच, खालच्या टोकाला जरा चिरलेला. आता शंकाच नको. तोच कोळी आहे. तू त्याच्यासाठी गावोगाव हिंडली होतीस आणि तो आपल्या मोरीच्या पाण्यावर जगत होता.

तेरा तारखेला रविवार आहे. परिषद दुपारी संपते, असं मावशी म्हणाली. फार वेळ लागणार नाही. चहा नको असेल तर नको.

बाबा

४ एप्रिल

तुझं कार्ड काल मिळालं. नऊ वर्षांतलं तुझं पहिलं अक्षर. दोनच वाक्यं आहेत, पण पत्रात उतरवून काढतो, म्हणजे मला पळता येणार नाही.

"तो डाग जिवंत मादीच्याच पोटाखाली दिसतो, मेल्यावर तासाभरात जातो. तुम्ही डबा कधी उघडलात?"

काल एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की तूच एकदा मला दाखवला होतास, विसरली असशील. वाचून पाहिलं, पटण्यासारखं होतं. आज सकाळी फाडलं. तू मला कधीच काही दाखवलं नव्हतंस, कारण मी कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक पारदर्शक डब्याभोवती तू काळा कागद गुंडाळला होतास, वर झाकण, झाकणाखाली मलमलीचं फडकं. बाहेरून काही दिसायची सोय नव्हती. आणि मेलेले कोळी तू स्वतः गोळा केलेस, मला खोलीत येऊ दिलं नाहीस.

तर ऐक.

तो गुरुवार होता. तू पुढच्या संशोधनासाठी बाहेरगावी जाण्याच्या कागदांवर सह्या करायला कॉलेजात गेली होतीस. दुसऱ्या दिवशी डबे खोक्यांत भरायचे होते. तुझी आई जाऊन तेरा महिने झाले होते. दुपारी मी स्वयंपाकघरात पंप भरला, झुरळांसाठीच भरला, हे खरं आहे. ओट्याखाली फवारलं. मग पंप हातात असतानाच तुझ्या खोलीत गेलो.

वाफ दाराखालून गेली नाही. तशी ती जात नाही, हे तुला नसलं तरी माझ्या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. झाकण बंद असेल तर तेवढ्याने काही मरत नाही. म्हणून मी झाकणं उघडली. एकशे बारा डबे होते. एकेक झाकण काढायचं, फडकं बाजूला करायचं, बारीक नळीने एकदा दाबायचं, फडकं परत, झाकण परत. चाळीस मिनिटं लागली. हे अशासाठी सांगतो की रागाच्या झटक्यात झालं असं तू समजू नयेस. मीही इतकी वर्षं स्वतःला तसंच समजावत आलो. झटका चाळीस मिनिटं चालत नाही. मधे एकदा फोन वाजला, तो मी घेतला, बोललो, आणि परत आलो.

पहिला डबा उघडण्याआधी मी तो उचलून खालून पाहिला. तळाला कागद नव्हता. तिच्या पाठीवर पिल्लं होती आणि पोटाखाली तो डाग. मी बघत राहिलो. सुंदर आहे, असं मनात आलं. ते आलं, आणि तरीही मी नळी आत घातली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मावशीलाही मी वाफेचीच गोष्ट सांगितली आहे, आणि तिने ती लोकांना सांगितली आहे, आणि मला त्या गोष्टीची इतकी सवय झाली की गेल्या पत्रात तो डाग लिहिताना आपण काय लिहितो आहोत हे कळलंसुद्धा नाही. आनंदात होतो.

का केलं? मला वाटलं, डबे नसले तर तू जाणार नाहीस. पुन्हा कोळी जमवायला, वाढवायला एक वर्ष तरी जाईल आणि तेवढं वर्ष तू घरात राहशील. मला एकटं राहायची भीती वाटत होती. एवढंच कारण आहे. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण सापडत नाही.

तू डब्यांशिवाय गेलीस. तुझं काम किती मागे पडलं, दुसरा विषय घ्यावा लागला, हे मावशीकडून तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. दर वेळी मी म्हणायचो, वाफेने घात केला.

मला क्षमा कर, असं लिहिण्याची लायकी नाही, पण इच्छा आहे, तेव्हा लिहितो.

तेरा तारखेला मी घरी नसेन. सकाळी नऊला मावशीकडे जाईन आणि अंधार पडल्यावर परतेन. घराची आणि मागच्या दाराची किल्ली पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडे ठेवतो. तो मला ओळखतो, तुला ओळखणार नाही, तेव्हा त्याला झुरळकाकांची मुलगी म्हणून सांग. माझं तोंड बघावं लागणार नाही. कोळी तुझा आहे, तो बघून जा.

बाबा

१४ एप्रिल

काल मावशीकडे दिवसभर तिच्या गॅलरीत बसलो. तिने मला तीनदा विचारलं, बरं नाही का. मग मी तिला सांगितलं, वाफेचं नव्हे, खरं. ती गॅलरीतून उठली. मग आत गेली आणि जेवायला हाक मारायला बाहेर आली नाही, ताट दारात ठेवलं. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

परतल्यावर म्हाताऱ्याने किल्ली दिली. म्हणाला, तुमच्या कन्या येऊन गेल्या. मी विचारलं किती वेळ होत्या. तो म्हणाला, दोनला आल्या, पाचला गेल्या. भिंतीपाशी बसून होत्या. मधे मी पाणी हवं का विचारायला गेलो तर नको म्हणाल्या, मग स्वतःच घरात गेल्या.

घरात मी दिवे लावत हिंडलो. चोर शिरल्यासारखं एकेक वस्तू तपासत होतो. तुझ्या खोलीचं दार उघडं होतं. तिथली डब्यांची मांडणी मी रिकामीच ठेवली आहे, तिच्यावरच्या धुळीत एका जागी हात टेकल्याची खूण होती. ओट्यावर एक पेला धुऊन ठेवलेला होता. बाकी काही नाही. चिठ्ठी नव्हती. मी उशीखालीही पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण पाहिलं.

आज सकाळी मागे गेलो. मादी जागेवर आहे. पिल्लं पाठीवरून उतरून पांगायला लागली आहेत, बोटांवर मोजण्याइतकीच उरली. तू तिला नेलं नाहीस. मला वाटलं होतं नेशील, छोट्या बाटल्या घेऊन येशील. का नेलं नाहीस, याचा विचार करत उन्हात बसलो. माझ्या हातून मिळालेली कुठलीच गोष्ट तुला नको असेल, हे मला सर्वांत पटण्यासारखं वाटलं.

घर फार मोठं आहे ग. दोन खोल्यांचं, पण फार मोठं.

यापुढे तू म्हणेपर्यंत लिहिणार नाही.

बाबा

२३ एप्रिल

शब्द मोडून लिहितो आहे, कारण तुझं कार्ड आलं.

तू लिहिलंस: "तो कोळी आमचा नाही. नेहमीचा आहे, सगळीकडे सापडतो, त्यालाही डाग असतो. दुसऱ्या पत्रातल्या फोटोवरूनच कळलं होतं. पुढच्या वेळी फोटोत शेजारी पट्टी ठेवा, आकार कळत नाही."

मी ते ओट्यापाशी उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. त्यात क्षमेचा शब्द नाही. शोधला नाही म्हणालो तर खोटं होईल, आणि तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. शोधला. कार्ड उलटं करून, उजेडाकडे धरून पाहिलं. नाही.

पण मला तारखा जुळवता येतात. दुसरं पत्र मी एकवीस मार्चला टाकलं. म्हणजे मार्च संपायच्या आत तुला ठाऊक होतं की आपल्या मोरीपाशी बघण्यासारखं काही नाही, झुरळकाका पुन्हा एकदा चहाच्या चोथ्याला भुंगा म्हणतो आहे. आणि तरी तू तेराला आलीस. दोन ते पाच. तू तिथे काय बघत होतीस, ते मी विचारणार नाही. विचारायचा हक्क त्या गुरुवारी गेला.

मास्तरांना आजच कळवलं की माझी ओळख चुकली होती, माझ्या मुलीने दुरुस्त केली. 'माझ्या मुलीने' हे शब्द टाइप करायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, त्या या विषयातल्या आहेत का? मी लिहिलं, हो.

सकाळी स्टेशनरीचं दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा होतो. दुकानदार म्हणाला, काका, परीक्षा आहे का तुमची? पारदर्शक पट्टी घेतली, मिलिमीटरच्या रेघांची. पिल्लं सगळी गेली, मादी एकटीच आहे. पट्टी जवळ नेली की ती आधी पळते, मग अर्ध्या तासाने स्वतःच येऊन तिच्यावर चढते. सोबतच्या फोटोत ती रेघांवरच बसली आहे. अंग सोळा मिलिमीटर भरतं. पाय धरले तर पार एकेचाळीस.

पाय धरून मोजायचं की सोडून, तेवढं कळव.

बाबा